गोदाघाटावरील पदयात्रा

नाशिक नीट पाहावयाचे असेल, तर माहीतगार वाटाड्यास बरोबर घेऊन गोदावरीच्या घाटाने पायी हिंडावे. रामकुंडापासून थोडे पुढे गेले, की पात्रात दुतोंड्या मारुती उभा दिसतो. हाच नाशिककरांचा पूरमापक! पाणी त्याच्या गुडघ्यास लागले, की कमरेस, की छातीस, हे पाहून काठचे दुकानदार आपला माल हलवितात. वरच्या अंगास गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. तरीही १९६९ आणि २००८ साली मोठे पूर आलेच. धरण भरले म्हणजे पाणी सोडावेच लागते. म्हणून लोकांची दृष्टी आजही मारुतीकडे जाते.

जवळच १७४७ साली बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरील प्रचंड घंटा पोर्तुगिजांची. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण होय.

तेथून पंचवटीत शिरले, की काळ्या पाषाणाचे काळाराम मंदिर लागते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना त्यात प्रवेश नव्हता. तो हक्क मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद झाली, मार खावा लागला. पण सत्याग्रही सुमारे पाच वर्षे मागे हटले नाहीत.

नदीचा पूर मूर्तीवरून मोजता येतो. माणसांचा धीर किती मोठा असतो, हे मात्र या दारापुढे उभे राहिल्यावरच उमगते.