करांतील फेरफार आणि घरखर्चाच्या वह्या : हिंगोली प्रांतापुरता विचार

मोडी कागदांचा संग्रह करणारांची दृष्टि बहुधा सनदा, महजर, वतनपत्रें आणि निवाडे यांवर असते. मोहोर किंवा मोर्तब नसलेला कागद हातीं आला म्हणजे तो बाजूस सारावा, अशी आम्हां संशोधकांपैकीं पुष्कळांची रीत पडून गेली आहे. या रीतीमुळें ज्या कागदांची सर्वांत अधिक हानि होते ते म्हणजे घरखर्चाच्या वह्या. एखाद्या देशपांड्याच्या किंवा वाण्याच्या माळ्यावरील रुमाल सुटला कीं दोन सनदा चौकटींत बसतात, आणि कीर्द-खतावणी रद्दींत जाते. सनदेंत राजानें काय दिलें तें असतें; वहींत रयतेनें काय दिलें आणि तें देण्यासाठीं घरांत काय कमी केलें तें असतें. हें दुसरें ज्ञान इतरत्र कोठेंहि मिळत नाहीं.

अशा वह्या वाचण्यास ज्या कांहीं गोष्टी अवगत असाव्या लागतात, त्या हिंगोली प्रांताच्या उदाहरणानें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. हाच प्रांत घेण्याचें कारण असें कीं, करांतील फेर येथें जितक्या विविध रूपांनीं घरांत शिरला तितका क्वचितच दुसरीकडे शिरला असेल. औंढा नागनाथ आणि नामदेवांची नरसी ज्या मुलखांत आहेत तो हा मुलूख निजामाच्या राज्याच्या अगदीं उत्तर कडेला होता. पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड. आणि तें इ.स. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं. खुद्द हिंगोलीस इ.स. १८१९ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. पुढें परभणी जिल्ह्यांत राहून दिनांक १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

प्रथम सनाचा आणि नाण्याचा उलगडा केला पाहिजे, कारण येथेंच वाचक फसतो. निजामी मुलखांतील हिशेब बहुधा फसली सनाचे असतात. फसलींत ५९० किंवा, वर्षाच्या उत्तरार्धासाठीं, ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. फसली १२७५ म्हणजे इ.स. १८६५-६६. मराठी दप्तरांतील शुहूर सनांत मात्र ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. ही गल्लत झाल्यास दुष्काळाचें वर्ष सुकाळाचें ठरतें. नाण्याचें तसेंच. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया हे दोन्ही या प्रांतीं चालत. पुढें जो दर रूढ झाला तो १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे ६ कलदारांस ७ हाली, असा होता. वहींत नुसतें ‘रुपये’ असेल तेव्हां तो कोणता रुपया हें आसपासच्या नोंदींवरून ठरवावें. तसें न केल्यास सहावा हिस्सा महागाई आपल्याच अज्ञानानें उत्पन्न होते.

आणखी एक शब्द सांभाळण्यासारखा आहे. जुन्या निजामी कागदांत ‘तालुकदार’ म्हणजे वसुलीचा मक्ता घेणारा. सालारजंग इ.स. १८५३ मध्यें दिवाण झाले, त्यांनीं मक्त्याची पद्धत क्रमाक्रमानें मोडली आणि फसली १२७५ मध्यें जिल्हाबंदी केली. त्यानंतरचा अव्वल तालुकदार हा जिल्ह्याचा पगारी अंमलदार होय. एकच शब्द, पण पहिल्याच्या नांवें पडलेली ‘भेट’ घराला बुडविणारी असूं शकते, दुसऱ्याच्या वेळची शिरस्त्याप्रमाणें भरलेली किस्त असते.

आतां जमिनीच्या साऱ्याकडे वळूं. कारण खरा फेर येथें आहे. पूर्वी पुष्कळ ठिकाणीं सरकारचा भाग धान्यांत, बटाईनें, वसूल होई. जिल्हाबंदीनंतर रोकड सारा आला, आणि इ.स. १८७५ नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाष होऊन तो वर्षांच्या मुदतीनें कायम होऊं लागला. इतिहासग्रंथांत हा बदल रयतेच्या सुखाचा म्हणून नोंदला जातो. मक्तेदाराची मनमानी संपली हें खरेंच. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु घराच्या वहींत त्याचा हिशेब निराळा पडतो.

समजुतीसाठीं आंकडे धरूं. एका घराला चांगल्या सालीं ६० मण जोंधळा होतो आणि सरकारचा भाग तिसरा हिस्सा आहे. बटाईनें २० मण गेले, ४० मण राहिले. पीक निम्में आलें तर १० मण गेले, २० राहिले. आतां याच घरावर २० रुपये रोकड सारा बसला. रुपयास मण भाव असतां २० मण विकावे लागतात. फरक कांहींच नाहीं. पीक निम्में आलें आणि भाव दीड रुपया मण झाला, तर सुमारें साडेतेरा मण विकून साडेसोळा मण उरतात. म्हणजे बटाईपेक्षां साडेतीन मण कमी. पण पुरें पीक येऊन भाव मणास आठ आण्यांवर उतरला, तर २० रुपयांसाठीं ४० मण विकावे लागतात आणि घरांत २० मणच राहतात. म्हणजे सुकाळाच्या स्वस्ताईंत हें घर दुष्काळांतील बटाईच्या पायरीवर येऊन बसतें. अमेरिकेंतील यादवीच्या काळीं, इ.स. १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले आणि नंतर उतरले; इ.स. १९२९ नंतर जगभर भाव कोसळले. या दोन्ही वेळच्या वह्यांत पीक बरें आणि घर कर्जांत, असा जो विसंगत देखावा दिसतो त्याचा उलगडा असा करावा.

याला किस्तीच्या मुदतीची जोड द्यावी. सारा हप्त्यांनीं भरावयाचा आणि हप्त्याची तारीख सरकारची. सुगीच्या लगत सर्वच रयत धान्य विकावयास काढते, तेव्हां भाव पडलेला असतो. थांबावयाचें तर सावकाराकडून रक्कम उचलावी लागते. म्हणून वहींत सारा भरल्याची नोंद पाहून पुढें जाऊं नये. तिच्या आधींच्या आठ-पंधरा दिवसांत ‘हस्ते अमुक, उसनवार’ किंवा दागिना गहाण अशी नोंद आहे काय हें पाहावें, आणि व्याज कोणत्या महिन्यापासून सुरू झालें तें टिपावें. साऱ्याचा खरा बोजा साऱ्याची रक्कम अधिक हें व्याज इतका असतो. साऱ्यावर दर रुपयास एक आणा लोकलफंडाचा वेगळा असे. तो पुष्कळदां साऱ्यांतच मिसळून लिहिलेला आढळतो. बलुत्याचें धान्य मात्र खळ्यावरच वांटलें जाई, म्हणून तें रोकड वहींत बहुधा येत नाहीं. तें नाहीं म्हणून दिलेंच नाहीं, असें अनुमान करूं नये.

जे कर थेट भरावे लागत नाहींत ते वहींत शोधणें याहून कठीण. पेशवाईच्या जकातींत थळभरीत आणि थळमोड, म्हणजे माल भरण्याच्या व विकण्याच्या ठिकाणचा कर, हे भेद होते. गुरांच्या विक्रीवर शिंगशिंगोटी होती. लग्नटका आणि पाटदाम तर घरच्या मंगलकार्यालाच चिकटलेले. ही नांवें वहींत स्वतंत्र येतात, त्यामुळें वाचणाराचें काम सोपें होतें. निजामी राज्यांतील करोडगिरीचें तसें नाहीं. इ.स. १८०२ च्या व्यापारी तहापासून किंमतीवर शेंकडा ५ हा दर रूढ झाला. वाशिमाहून पैनगंगा उतरून आलेल्या ५ रुपयांच्या लुगड्यावर ४ आणे नाक्यावर पडत. व्यापारी ते किंमतींत घाली, आणि घरधनी वहींत ‘लुगडें, ५।’ एवढेंच लिही. उलट कापूस राज्याबाहेर जातांना जो कर बसे तो शेतकरी भरीत नसे, परंतु सोशी तोच. कापसाचा भाव मुंबईस ठरावयाचा. नाक्यावरील कर वजा करूनच आडत्या हिंगोलीस भाव बोले. आयातीचा कर खर्चाच्या बाजूस महागाई होऊन आला, निर्यातीचा जमेच्या बाजूस स्वस्ताई होऊन. दोन्हींची नोंद कर म्हणून कोठेंच नाहीं. इ.स. १९४८ पूर्वीच्या मुक्तिलढ्यांत सरहद्दीवरील करोडगिरीचीं नाकीं हल्ल्याचें लक्ष्य कां झालीं, याचें एक कारण या न लिहिलेल्या चार आण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

मिठाचें उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. मीठ हिंगोलीस पिकत नाहीं. इंग्रजी हद्दींतून येणाऱ्या मिठावर तेथील कर आधींच बसलेला असे, आणि निजामी प्रजेला त्या करावर बोलण्याचा कसलाच अधिकार नव्हता. पांच माणसांच्या घरास वर्षाला ३० शेर, म्हणजे पाऊण मण मीठ लागतें असें धरूं. इ.स. १८८८ पासून मणास अडीच रुपये कर होता : घरास १ रुपया १४ आणे कलदार, हाली २ रुपये ३ आणे. इ.स. १९०३ पासून तो उतरत जाऊन १९०७ मध्यें मणास १ रुपया झाला : घरास १२ आणे कलदार, हाली १४ आणे. इ.स. १९१६ मध्यें सव्वा रुपया. इ.स. १९२३ मध्यें पुन्हा अडीच रुपये, आणि पुढच्याच वर्षीं फिरून सव्वा रुपया. ज्या वहींत मिठाची खरेदी सलग नोंदलेली आहे तींत हे चढउतार भावांत शोधतां येतात. आणि वजनांतहि पाहावें. गरीब घर भाव वाढतांच मीठ कमी घेतें काय, कीं मीठ तेवढेंच घेऊन तेल कमी करतें? या प्रश्नाचें उत्तर सरकारी अहवाल देऊं शकत नाहीं. घरची वही देते.

छावणीसंबंधीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कंटिंजंटचा पगार थकला, म्हणून इ.स. १८५३ च्या तहानें त्याच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यांत आलें. त्यायोगें हिंगोलीच्या छावणींतील शिपायाच्या हातांत पडणारा पगार पैनगंगेपलीकडील शेतकऱ्याच्या साऱ्यांतून निघूं लागला, आणि तो खर्च मात्र व्हावयाचा हिंगोलीच्या बाजारांत. नदीच्या एका तीरावरील कराचा पैसा असा दुसऱ्या तीरावरील वाण्याच्या वहींत जमेस येत असे. इ.स. १९०२ च्या करारानें वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें गेलें आणि पुढच्या वर्षीं छावणी उठली. छावणीच्या बाजारांतील दुकानदारांच्या १९०० ते १९१० च्या वह्या कोणाकडे असतील तर त्या प्रथम जपाव्या, अशी आमची विनंति आहे.

पुढील काळ थोडक्यांत सांगतों. हैदराबादेंत आयकराचा कायदा फसली १३५७ चा. तो सामान्य घरांस फारसा शिवला नाहीं. विक्रीकराचा कायदा इ.स. १९५० चा, दिनांक १ जानेवारी १९६० पासून मुंबई राज्याचा विक्रीकर, १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर. यांतील प्रत्येक फेराच्या वेळीं करोडगिरीचाच न्याय लागू होतो : कर किंमतींत बुडतो आणि घराच्या टिपणांत दिसत नाहीं. दिनांक १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या बंद पुड्यांतील पिठावर आणि धान्यावर शेंकडा ५ कर बसला, सुटें धान्य मोकळें राहिलें. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण व केशतेल यांवरील कर शेंकडा १८ चा ५ झाला. म्हणून अलीकडील टिपणांतहि ‘गहूं’ सुटे कीं पुड्याचे हें लिहिलेलें असल्यास तो शब्द मोलाचा समजावा.

एक व्यावहारिक अडचण शेवटीं नमूद करितों. आजची दुकानाची पावती कराचा आंकडा स्वतंत्र छापते, जी सोय जुन्या वहींत कधींच नव्हती. पण ती उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर असते, आणि थोड्याच वर्षांत कोरी होते. देशी शाईनें लिहिलेली शंभर-दीडशें वर्षांपूर्वींची वही मात्र वाळवीपासून वांचली तर आजहि वाचतां येते. ज्यांना चालू काळचे घरगुती कागद जमवावयाचे असतील त्यांनीं पावती हातीं येतांच तिची छायाप्रत काढावी, आणि मूळ पावती उन्हापासून दूर, प्लास्टिकच्या पिशवींत न घालतां, कागदाच्या घडींत ठेवावी.