मिसरूड उशिरा फुटणारी मुलं

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की आमच्या ओपीडीत तंदुरुस्तीचा दाखला मागणाऱ्या मुलांची रांग लागते. गेल्या हंगामात अशाच रांगेतून एक वडील मुलाला घेऊन आत आले. मुलगा पावणेचौदा वर्षांचा, तालमीत जाणारा. दाखल्यावर सही झाली तरी वडील उठेनात. मुलाला बाहेर बसवलं आणि म्हणाले, "साहेब, पोरगं पहाटे पाचला उठून जोर-बैठका मारतं. दूध, बदाम, अंडी, काही कमी नाही. पण त्याच्याच वजनाचं पोरगं त्याला दोन मिनिटांत चीत करतं. ताकदीचं एखादं इंजेक्शन लिहून द्या." खिशातून त्यांनी चिठ्ठी काढली. जिममधल्या कुणीतरी नाव लिहून दिलं होतं. टेस्टोस्टेरॉनच होतं ते.

"समोरच्या पोराला मिसरूड फुटलंय का?" मी विचारलं. "फुटलंय की," ते म्हणाले, "आवाजही फुटलाय." उत्तर तिथेच होतं.

आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फारसा फरक नसतो. त्या वयात व्यायामाने ताकद वाढते, पण ती मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायूंचा मेळ सुधारल्यामुळे. दंड फारसे फुगत नाहीत. पुढे नऊ ते चौदा या वयात कधीतरी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना जागं करते आणि काही वर्षांत या हार्मोनची पातळी वीसपटीहून अधिक वाढते. स्नायू जाड होतात, खांदे रुंदावतात, हिमोग्लोबिन वाढतं, म्हणजे रक्त जास्त ऑक्सिजन वाहून नेतं. आधी उंची झपाट्याने वाढते, जोरात असताना वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर. ताकदीची मोठी उडी त्यानंतर साधारण वर्षभराने येते. मुलगा मधल्या काळात नुसता लांबुडका दिसतो, तेव्हा त्याला अशक्त समजू नये.

गोची 'नऊ ते चौदा' यातच आहे. कुणाची गाडी दहाव्या वर्षी सुटते, कुणाची चौदाव्या. दोन्ही निरोगी. पण चौदा वर्षांखालील गटात दोघे समोरासमोर आले, तर वजनकाट्यावर सारखे दिसूनही एकाच्या अंगात जवळजवळ पुरुषाचे स्नायू असतात आणि दुसऱ्याच्या अंगात लहान मुलाचे. कबड्डीत, धावण्यात, क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजीतही हेच. लवकर वाढलेल्या मुलाला आपण 'जन्मजात खेळाडू' म्हणतो, उशिरा वाढणाऱ्याला घरी पाठवतो. सतरा-अठराव्या वर्षी हे अंतर बरंचसं मिटतं, पण तोवर दुसऱ्याने मैदान सोडलेलं असतं. निवड करणाऱ्यांनी जन्मदाखल्याबरोबर एवढंही पाहावं असं मला फार वाटतं.

मी मुलाला तपासलं. वृषणांचा आकार मोजायला आमच्याकडे लहान-मोठ्या मण्यांची एक माळ असते, एक मिलीलिटरपासून पंचवीसपर्यंत. चार मिलीचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं असं धरतात. याचा चारचा जुळत होता, म्हणजे नुकती सुरुवात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय बारा वर्षांच्या आसपास. मग वडिलांना विचारलं, "तुम्हाला मिसरूड कधी फुटलं?" ते थोडे लाजले. "दहावीनंतर. अकरावीच्या वर्षात सगळ्या पँटी आखूड झाल्या होत्या." हे बहुतेक वेळा घराण्यातूनच येतं.

इंजेक्शन का नाही, हे त्यांना एक्स-रे दाखवूनच सांगितलं. हाडांच्या टोकांजवळ काळी रेघ दिसते, ती वाढीची पट्टी. ती उघडी आहे तोवर उंची वाढते. शरीर टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचं इस्ट्रोजेन बनवतं आणि मुलांमध्येही ही पट्टी बंद करण्याचं काम मुख्यतः तेच करतं. 1994 साली वैद्यकीय नियतकालिकात एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद आली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची 204 सेंटीमीटर, हाडांचं वय पंधरा आणि वाढ अजून चालूच! बाहेरून टोचलेलं हार्मोन याच्या उलट करतं. काही महिने मुलगा भरतो, उंचही होतो, सगळे खूश. मग पट्टी वेळेआधी मिटते. ती पुन्हा उघडणारं औषध नाही.

असा एक मुलगा मी पाहिला आहे. सोळा वर्षांचा, दंड पाहण्यासारखे, पण उंची दोन वर्षांत हललेली नाही. चौदाव्या वर्षी त्याला कुणीतरी 'कोर्स' दिला होता. बाहेरून हार्मोन मिळालं की पिट्युटरी गप्प बसते आणि वृषणं काम थांबवून आक्रसतात. ती पूर्ववत व्हायला महिने लागतात. शिवाय छातीला गाठी, चेहऱ्यावर मुरुमं, चिडचिड. डोपिंग चाचणीत सापडला तर बंदी वेगळीच.

टेस्टोस्टेरॉन हे वाईट औषध नाही. चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची खूणच दिसत नसेल, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावंच. तपासण्या करून काही मुलांना हार्मोनतज्ज्ञ अगदी कमी मात्रेत, थोडेच महिने, हाडांचं वय पाहत ते देतात. ते कुस्ती जिंकण्यासाठी नसतं.

वडिलांनी चिठ्ठी परत खिशात घातली. फाडली असती तर बरं वाटलं असतं. मी वस्तादांसाठी दोन ओळी लिहून दिल्या: पोराला सध्या डाव शिकवा, चपळाई वाढवा, जड वजनं आणि थोराड जोडी वर्षभर नको. आणि वजनगट गाठायला त्याला उपाशी ठेवू नका.

सहा महिन्यांनी दोघे परत आले. उंची तीन सेंटीमीटर वाढली होती, माळेतला सहाचा मणी जुळत होता. वडिलांनी विचारलं, "अजून किती दिवस, साहेब?" मी म्हटलं, "तुमच्या पँटी कधी आखूड झाल्या होत्या?" पोरगं पहिल्यांदा हसलं.