काकांची बंदूक आणि हजार काडतुसे

दिवाळीच्या सुट्टीत चलथाणला घरी गेलो, तेव्हा अमेरिकेहून काका आलेले होते. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे, उसाच्या शेतांतले आमचे हे गाव. काका टेक्सासमधील मित्रांबरोबर अर्जेंटिनातल्या कोर्दोबा प्रांतात पक्ष्यांच्या शिकारीला जाणार होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. "अरे कॉमर्सवाल्या, कोणती बंदूक खांद्याला सोसेल, त्याचा हिशेब मांडून दे बघू," असे म्हणून त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. आजोबांनी मात्र वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. एके काळी शेतराखणीच्या परवान्यावरची दुनळी त्यांच्याकडे होती.

वाचकहो, आधी कोर्दोबाविषयी. तिथे आपल्याकडच्या होल्याचा एक भाऊबंद लाखोंच्या संख्येने राहतो. मका-ज्वारीसारख्या धान्यावर तो तुटून पडतो, आणि वर्षातून अनेकदा अंडी घालतो. म्हणून तिथे त्याला पिकाचा शत्रू मानतात. एकेक शिकारी दिवसाला हजार-हजार काडतुसे उडवतो. आपल्याकडे दिवसभर रान तुडवून दोन तितर मिळाले तरी धन्य मानणारी जुनी पिढी होती. तिची बंदूक आणि ही बंदूक एकच कशी असेल?

बंदुकीचा 'बोअर' म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यावी. अशा 12 गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती बंदूक बारा बोअरची. 20 गोळ्या लागल्या, तर वीस बोअरची. म्हणून आकडा मोठा, तशी नळी अरुंद. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर रुंद असते, वीस बोअरची साडेपंधराच्या आसपास.

आता धक्का. छर्रे पुढे जातात तेव्हा बंदूक मागे येते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. छर्ऱ्यांचा वेग सारखाच धरला आणि दारूचा वायू हिशेबाबाहेर ठेवला, तर धक्क्याची ऊर्जा छर्ऱ्यांच्या वजनाच्या वर्गाबरोबर वाढते आणि बंदुकीच्या वजनाबरोबर घटते. मी 3.4 किलोच्या बारा बोअरमधून 28 ग्रॅम छर्रे सोडण्याचा धक्का 100 मानला. त्याच बंदुकीत 24 ग्रॅमचे काडतूस घातले की आकडा 73 वर येतो. 2.8 किलोच्या वीस बोअरमध्ये तेच 24 ग्रॅम घातले, तर 89. वीस बोअरमध्ये 21 ग्रॅम घातले, तर 68.

काकांची समजूत अशी की वीस बोअर म्हणजे हमखास मऊ. हिशेब सांगतो की हलक्या बंदुकीत जड काडतूस घातले, तर वीस बोअरचा फायदा बराचसा हातातून जातो. अर्थात जड बंदुकीलाही किंमत मोजावी लागते. ती हजार वेळा उचलायची असते, आणि संध्याकाळपर्यंत दंड भरून येतात. तेव्हा दुखऱ्या खांद्याला वीस बोअर आणि 21 ग्रॅम हे बरे. पण तसे काडतूस मुक्कामावर मिळते का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा बनावटीचा. दुनळी साधी आणि भरवशाची, पण तिचा सगळा धक्का थेट खांद्यावर येतो. वायूच्या जोरावर आपोआप भरणारी एकनळी त्या धक्क्याचा काही भाग यंत्रणेत वापरते आणि उरलेला थोड्या अधिक वेळात पसरवते. तो ढकलल्यासारखा वाटतो, ठोसा मारल्यासारखा नव्हे. मात्र हजार काडतुसांच्या काजळीने ती अडते, म्हणून रोज साफ करावी लागते. नळी तापते, म्हणून हातमोजा हवा, आणि कानांना संरक्षण तर हवेच हवे.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा दस्त्याच्या मापाचा. छर्ऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळा हीच तिची मागची माशी. दस्ता लांब-आखूड असला, तर डोळा जागेवर येत नाही, नेम चुकतो आणि गालाला मार बसतो. कपडे शिंप्याकडे मापाने शिवून घेतो, तसेच हे आहे.

विकत घ्यावी की भाड्याने? तिथल्या मुक्कामांवर बंदुका भाड्याने मिळतात. विमानाची कागदपत्रे आणि दोन देशांचे परवाने यांचा खटाटोप पाहता, एका सहलीसाठी भांडवल अडकवणे शहाणपणाचे नाही, असा मी शेरा मारला. दस्त्याचे माप मात्र आधी कळवावे.

आपल्याकडे हा प्रश्न निघतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला, आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दार बंद झाले. त्याआधी 1938 साली भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका शिकारीत 4,273 पक्षी पडले. आज तीच पाणथळ जागा पक्ष्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना कोडगूची 'कोवी' परिचयाची असेल. तिथे सणाला तिची पूजा होते, म्हणजे बंदूक घरात असणे आणि पक्षी मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब संपवताना जमाखर्चाच्या सवयीने मी शेवटची एक ओळ लिहिली. 28 ग्रॅमची हजार काडतुसे म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे 28 किलो शिसे. 21 ग्रॅमची घेतली, तरी 21 किलो. ते शेतातच पडून राहते. पक्षी दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत छर्रेही गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेने 1991 पासून बंदी घातली, ती याच कारणाने.

काकांनी कागद वाचला. वीस बोअर, 21 ग्रॅम आणि भाड्याची बंदूक त्यांना पटली. "आणि दिवसाला तीनशेवर थांबेन," असे ते आजोबांकडे पाहून म्हणाले. आजोबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि मला म्हणाले, "ती शेवटची ओळ पुन्हा वाच रे."

मी वाचली.