कुलपाआडचा स्मृतिभ्रंश

दोन वर्षांपूर्वीची २५ डिसेंबरची संध्याकाळ मी विसरू शकत नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, म्हणून आपल्याकडे हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळला जातो. शेजारच्या वसाहतीतील कार्यक्रमाला मला वक्ता म्हणून बोलावले होते. पांढरा सदरा घातला, भाषणाचा कागद खिशात ठेवला आणि घराला बाहेरून कुलूप लावून मी निघालो. घरात माझी पत्नी होती.

तास-दीड तासात परत येऊ असा हिशेब होता. सत्कार, प्रास्ताविक आणि आभार यांत तीन तास गेले. मी स्त्रीच्या गुलामगिरीवर पाऊण तास बोललो, टाळ्याही मिळाल्या. परत आलो तेव्हा आमच्या दारापाशी शेजारपाजारचे लोक जमले होते. आत अंधार होता. तिला दिव्याचे बटण सापडले नव्हते. दार बडवून बडवून तिचे दोन्ही तळहात सुजले होते. मी कुलूप काढले तेव्हा ती मला बिलगली आणि म्हणाली, “दादा, बरं झालं आलास. त्या माणसानं मला कोंडून ठेवलं होतं.”

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन पंधरा वर्षे झाली आहेत. आणि ‘तो माणूस’ म्हणजे मी, तिचा ४३ वर्षांचा नवरा.

गर्दीतल्या कोणीही मला बोल लावला नाही. शेजारच्या एक बाई फक्त एवढेच म्हणाल्या, “भाऊ, एक हाक मारली असती तर मी बसले असते की त्यांच्याजवळ.” ती हाक मी का मारली नाही, हा या लेखाचा विषय आहे. कारण माझ्यासारखी कुलपे आपल्या अनेक घरांना लागलेली आहेत, याची मला आता खात्री पटली आहे.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची भिशी ती अठरा वर्षे सांभाळत होती. शिक्षण चौथीपर्यंतच. पाठच्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हते म्हणून शाळा सुटली. पण हिशेब चोख. एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. एका महिन्यात हिशेब जुळेना, दुसऱ्या महिन्यात एकीला दोनदा पैसे दिले गेले. बायकांत कुजबुज सुरू झाली. मी घरी येऊन तिच्यावरच ओरडलो, “लक्ष कुठे असते तुझे?” तिने वही माझ्यापुढे टाकली आणि रडत बसली. आज कळते, तिला त्या वहीतले आकडे समजेनासे झाले होते आणि ते सांगायची लाज वाटत होती.

मग भाजीत दोनदा मीठ, गॅसवर रिकामे भांडे, तोच प्रश्न दहा वेळा. पुढे तिने माझ्यावर पैसे चोरल्याचा आळ घेतला. नातेवाईक म्हणाले, म्हातारचळ लागला. कोणी म्हणाले, साठी बुद्धी नाठी. गावाकडच्या एकाने भगताचे नाव सुचवले. मी त्याला फटकारले, आमच्या घरात असले थोतांड चालत नाही म्हणून ठणकावले. परंतु मी तिला डॉक्टरकडेही नेले नाही. दोन वर्षे नेले नाही! अंधश्रद्धेला नकार दिला म्हणजे विज्ञान आपोआप स्वीकारले जाते, असे नसते. भगताकडे न जाणारा मी आणि भगताकडे जाणारा तो, दोघांच्याही घरातला रोगी उपचाराविनाच राहिला.

अखेर मुलीने हट्ट धरून आईला सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करायला सांगितली. त्यांच्या कमतरतेनेही विस्मरण होते आणि ते औषधाने सुधारू शकते, म्हणून ही तपासणी आधी करतात. मेंदूचे स्कॅनिंग झाले. मग डॉक्टरांनी तिला कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितले. तिने गोल काढला. सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून लिहिले आणि काटे काढायचे राहून गेले. निदान झाले : अल्झायमर.

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. हे म्हातारपण नव्हे, हा मेंदूचा आजार आहे आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत मोठा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठ ते सत्तर टक्के रुग्ण याच प्रकारचे असतात. मेंदूच्या पेशींभोवती आणि पेशींच्या आत घातक प्रथिने साठत जातात आणि पेशी मरत जातात. नवीन आठवण साठवणाऱ्या भागावर घाला बहुधा आधी पडतो. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण लहानपणीची विहीर आठवते. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. काही गोळ्यांनी लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात, एवढेच.

या आजाराचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट फार लागली. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्याने मनोरुग्णालयात आणले. तो रेल्वेत कारकून होता. बायको अचानक त्याच्यावर संशय घेऊ लागली, मग घरकाम विसरू लागली, वस्तू लपवू लागली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची बारकाईने नोंद ठेवली. ती १९०६ साली वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्या कारकुनाच्या जागी मी स्वतःला पाहिले. ज्या संशयाने माझे घर पेटले होते, तो माझ्या पत्नीचा स्वभाव नव्हता. आजाराचे लक्षण होते. हे मला आधी कळले असते तर त्या दोन वर्षांतली किती भांडणे टळली असती!

आता आकडे पाहू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सात-साडेसात. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के. शहरात ५.३ टक्के, तर खेड्यात ८.४ टक्के. म्हणजे हा काही बंगल्यातल्या माणसांचा आजार नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, परंतु टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू न येणे, दृष्टी जाणे, एकटेपणा ही आहेतच. पण बालपणापासूनच्या यादीत पहिले कारण आहे अपुरे शिक्षण. लहानपणी शिकलेला मेंदू म्हातारपणी आजाराशी अधिक काळ झुंजू शकतो. ज्या मुलीची शाळा चौथीत सुटली, तिच्या हातून पुस्तकच नव्हे, तर म्हातारपणीचे कवचही काढून घेतले गेले. माझ्या पत्नीला नेमका त्यामुळेच आजार झाला असे मी म्हणत नाही, कोणताही डॉक्टर तसे सांगू शकणार नाही. परंतु ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर ठेवल्या गेल्या, त्याने या आजाराकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

मराठीत या विषयावर ‘अस्तु’ हा २०१३ चा चित्रपट आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला. त्यातले स्मृतिभ्रंश झालेले गृहस्थ संस्कृतचे पंडित आहेत. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. ते वाट चुकतात आणि हत्तीमागे जातात, तेव्हा त्यांना सांभाळते ती माहुताची गरीब बायको. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडिताला सांभाळणाऱ्या बाईची गोष्ट तेथे आहे. परंतु उद्या त्या माहुताच्या बायकोलाच हा आजार झाला, तर तिला कोण सांभाळील? आपला प्रश्न तेथून सुरू होतो.

आमच्या घराचा दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी तिला अंघोळ घालायची. सुरुवातीला ती मला परका पुरुष समजून हात झटकायची. मग मी अंगावर टॉवेल ठेवून पाणी घालायला शिकलो. कपडे एकावर एक, घालायच्या क्रमाने मांडून ठेवायचे. दर दोन तासांनी संडास-लघवीला न्यायचे. गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा. संध्याकाळ झाली की ती दारापाशी जाऊन बसते आणि म्हणते, “मला घरी न्या.” हेच तुझे घर, असे मी शंभर वेळा सांगितले. उपयोग शून्य. आता म्हणतो, “जाऊ या, आधी चहा घे.” कधी ती मलाच विचारते, “दादा, ते कधी येणार?” ते म्हणजे मी. पूर्वी मी चिडून म्हणायचो, “अगं, मीच तो.” ती घाबरायची. आता म्हणतो, “येतील. तू जेवून घे.” ती जेवते. वाद घालून काही जिंकता येत नाही, हे चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला साठीनंतर शिकावे लागले.

यातून मला एक आरसा दिसला. मला भेटणारे म्हणतात, “काय सेवा करता हो तुम्ही, असा नवरा मिळायला भाग्य लागते.” आणि आमच्याच गल्लीत एक बाई सहा वर्षांपासून लकवा झालेल्या नवऱ्याचे सगळे करते. तिला कोणी भाग्याचे काही बोलत नाही. पुरुषाने केले की सेवा, बाईने केले की कर्तव्य! डिमेन्शियाच्या रुग्णांची जेवढी काळजी जगभर घेतली जाते, तिचे सुमारे ७० टक्के तास बायका देतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. समतेवर भाषणे देणाऱ्या मला भात किती पाण्यात शिजतो हे माहीत नव्हते. तिचे विसरणे मला दोन वर्षे दिसले नाही, कारण ती घरात काय काय लक्षात ठेवते हेच मी कधी पाहिले नव्हते.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे गरजेचे आहे. निदान लवकर झाले तर रुग्णाला समज असतानाच बँकेचे खाते दोघांच्या नावे, कोणाही एकाला चालवता येईल असे करून घ्या. वारस नोंदवा, मृत्युपत्र करा. पुष्कळांना वाटते की मुखत्यारपत्र केले की झाले. परंतु देणाऱ्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्र कायद्याने संपुष्टात येते. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यातला एक बँकेचा अधिकारी असतो, अंगठ्यावर व्यवहार करण्याची तरतूद आहे. ७० वर्षांवरील आणि अपंग खातेदारांना घरपोच सेवा देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच दिले आहेत. माहिती नसल्याने लोक आजारी माणसाला रिक्षात घालून बँकेत नेतात. रुग्णाच्या कपड्यात किंवा गळ्यात नाव आणि फोन नंबर कायम असू द्या.

सरकारचे काय? २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे कार्ड मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. या आजाराचा रोगी वर्षानुवर्षे घरात असतो. त्याला सांभाळणाऱ्याचे कार्ड कोणते? आमच्या भागात दिवसभराची मावशी ठेवायची तर माझी निम्मी पेन्शन जाते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ असे सरकारी फोन क्रमांक आहेत, त्यांचा वापर करावा. १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही मार्गदर्शन करते. परंतु फोनवर धीर मिळतो, दोन तासांची झोप मिळत नाही. प्रत्येक तालुक्याला या रुग्णांसाठी दिवसाचे संगोपन केंद्र हवे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

ते होईपर्यंत काय करायचे? आमच्या वस्तीत एक छोटी गोष्ट झाली. त्या २५ डिसेंबरनंतर मी महिला मंडळात गेलो आणि भिशीच्या हिशेबाचे खरे कारण सांगितले. तिच्या प्रामाणिकपणावर संशय घेणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. विहाराचा हॉल दुपारी रिकामाच असतो. आता आठवड्यातून दोन दुपारी तेथे तिघीजणी पाळीपाळीने बसतात. माझ्या पत्नीसोबत वस्तीतले आणखी दोन असेच रुग्ण येतात. ते दोघे आहेत हे इतकी वर्षे कोणालाच माहीत नव्हते! त्या दोन दुपारी मी बाजार करतो, औषधे आणतो, कधी नुसता झोपतो.

तेथे ती वंदनेला बसते. माझे नाव, मुलीचे नाव, आजचा वार, काहीच तिला सांगता येत नाही. पण त्रिशरण सुरू झाले की हात जोडते आणि शेवटपर्यंत न अडखळता म्हणते. लहानपणी पाठ झालेले असे उशिरापर्यंत टिकते, असे डॉक्टर सांगतात.

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, महिला मंडळ आहे. जयंतीला पंधरा दिवस राबणारे तरुण आहेत. त्यांनी आठवड्यातले दोन तास अशा एका घराला दिले तरी एका दाराचे कुलूप निघेल. आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी लाज सोडून शेजाऱ्याला हाक मारावी. मी ती हाक उशिरा मारली. वाचकांनी तेवढा उशीर करू नये, एवढीच विनंती.