शाळेची बाग आणि पाण्याचा हिशोब

निमोण्यासारखी शिरूर तालुक्यातली गावे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असताना मुलांनी बाग फुलवायची कशी? याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचे, ही तिथली पद्धत. तीच आपण बागेला लावून पाहू.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. वाफ्यातून रोज ५ मिमी पाणी उडते असे धरले, तर १० चौ.मी. वाफ्याला रोज ५० लिटर, म्हणजे १०० दिवसांना ५,००० लिटर लागेल. आता छप्पर मोजू. ५० चौ.मी. छपरावर ५०० मिमी पाऊस पडला, तर २५,००० लिटर! म्हणजे खरी अडचण साठवणीची आहे. टाकी लहान असेल तर वाफाही लहान हवा, आणि त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. त्यामुळे ऊन-वारा मातीला थेट लागत नाही आणि मातीतून उडणारे पाणी घटते.

हे मुलांनाच तपासू द्यावे. मातीच्या दोन सारख्या कुंड्यांना सारखे पाणी घालून एकीवर आच्छादन पसरावे व दोन्हींचे रोज वजन करावे. जितके ग्रॅम वजन घटेल तितके मिलिलिटर पाणी उडाले. मग किती वाफा परवडेल, हे मुलेच ठरवतील.