नव्वद टक्के आणि नव्वद पर्सेंटाइल

सीईटीचा निकाल लागला, मुलीला नव्वद मिळाले, शेजारीपाजारी पेढे गेले. मग कॅप राउंडची यादी लागते आणि मनातल्या कॉलेजात नंबरच नसतो. ‘नव्वद टक्के मिळूनही?’ पण नव्वद टक्के मिळालेच नव्हते. ते होतं नव्वद पर्सेंटाइल.

टक्के काढताना फक्त तुमचा पेपर समोर असतो. 200 पैकी 92 गुण, म्हणजे 46 टक्के. बाकीच्यांनी काय दिवे लावले याच्याशी संबंध नाही. पर्सेंटाइलला तुमच्या पेपरापेक्षा रांगेतली तुमची जागा महत्त्वाची. समजा, परीक्षेच्या एका सत्रात 20,000 मुलं बसली आणि त्यांतल्या 18,000 जणांना 92 किंवा त्याहून कमी गुण पडले. 18,000 भागिले 20,000, गुणिले 100: पर्सेंटाइल 90. म्हणजे 46 टक्केवालीही नव्वदवर पोचते! पण तिच्या पुढे एकाच सत्रात 2,000 जण उभे आहेत, हे पेढे वाटताना कोणाच्या लक्षात येत नाही.

हा खटाटोप कशासाठी? परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एखाद्या दिवशी गणित घाम फोडतं. नुसते गुण लावले, तर त्या सत्रातली मुलं हकनाक मागे पडतील. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी. सत्रात पहिल्या आलेल्याला 100 पर्सेंटाइल मिळतं, पैकीच्या पैकी गुण नसले तरी. क्लासच्या फ्लेक्सवर शंभरवाले इतके कसे, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आणखी एक गंमत. मधल्या गर्दीत गणिताचा एक प्रश्न, म्हणजे 2 गुण, पर्सेंटाइल चांगलंच हलवतो. अगदी वर मात्र बऱ्याच गुणांचा फरकही दशांशचिन्हानंतरच दिसतो. गुणपत्रिकेवर सात दशांश स्थळं छापतात ती उगाच नाहीत. आणि विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढत बसू नका. जेईई मेनमध्ये एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात, त्यामुळे तुमची बेरीज जुळणार नाही.

बारावीचे टक्केही जपून ठेवा. जेईईतून एनआयटीत जायचं, तर खुल्या गटाला बारावीत 75 टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव. दोन्ही शब्द एकाच नियमात आहेत. फॉर्म भरताना नीट वाचा.