जळीत कक्षात मनाचीही नोंद हवी

८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे नाशिकमध्ये खासगी बस पेटली, १२ प्रवासी गेले. १ जानेवारी २०२३ला इगतपुरीजवळ मुंढेगावात जिंदालच्या कारखान्यात आग लागली. अशा वेळी मृतांचा आकडा लक्षात राहतो. वाचलेल्यांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारत नाही. शिवाय स्टोव्ह, चूल, उकळत्या पाण्याने घरातच भाजलेल्यांची बातमीही होत नाही. जखम भरत असताना यातल्या अनेकांना नैराश्य घेरतं.

विचारायचं कुणी?

सिस्टरने. डॉक्टरांचा राउंड थोडा वेळ असतो, मानसोपचारतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. कोण भिंतीकडे तोंड करून पडून आहे, कुणी मुलांची चौकशी करणं सोडलं, हे तिला आधी दिसतं.

नऊ प्रश्न

नैराश्याची चाचपणी करणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली पाच मिनिटांत होते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. गुणांवरून निदान होत नाही.

भाजलेल्या रुग्णात एक मेख आहे. झोप उडणं, थकवा, भूक मरणं हे प्रश्न यादीत आहेत आणि हे सगळं जखमेमुळे, रात्रीच्या खाजेमुळेही होतं. म्हणून ‘कशात मन लागत नाही’ आणि ‘उदास, हताश वाटतं’ या पहिल्या दोन उत्तरांकडे जास्त लक्ष द्यावं. जंतुसंसर्गाने किंवा वेदनाशामकांमुळे रुग्ण भ्रमात असेल, तर थांबावं.

नववा प्रश्न

तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो, ही भीती निराधार आहे. उत्तर शून्याहून वेगळं असेल तर बेरीज काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं आणि रुग्णाला एकटं सोडायचं नाही.

मात्र हे नातेवाइकांसमोर विचारू नये. कुणी स्वतः पेटवून घेतलेलं असतं, कुणाला दुसऱ्याने जाळलेलं असतं, आणि तोच माणूस कधी खाटेशी उभा असतो. सासूसमोर सून ‘बरं आहे’ एवढंच म्हणणार. खटल्याच्या भीतीनेही कुणी गप्प राहू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिच्यावर त्यासाठी खटला नाही, उलट तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. हे तिला सांगावं.

जखमेशी संबंध

भाजलेली कातडी आकसते, सांधे आखडतात. त्यासाठी स्प्लिंट, रोजचा व्यायाम आणि बरेच महिने, दिवसाचे जवळपास २३ तास घट्ट दाबाचे कपडे लागतात. ज्याला जगण्यात रस उरला नाही, तो हे कसं करणार?

सुट्टीनंतर

आरसा, शेजाऱ्यांच्या नजरा, गेलेलं काम हे सगळं घरी गेल्यावर समोर येतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीचा वार आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक लिहून द्यावा, आणि ड्रेसिंगला परत येतील तेव्हा तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.